वहिनी, तुझं अर्धं रुळलेलं पेन

वहिनी, तुला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत आणि तुझं नवं पेन दादाच्या हातात पडलंय. बाकी सगळं मागाहून सांगते, पण हे आधी सांगायला हवं, कारण हे ऐकल्यावर तू असशील तिथे ताडकन उठून बसणार. हो, दादाच्याच. तुझ्या नवऱ्याच्या, माझ्या सख्ख्या भावाच्या. ज्या माणसाला या घरात गेली कित्येक वर्षं बॉलपेनाशिवाय दुसरं काही हातात घ्यायची परवानगी नव्हती, तो तुझ्या खिडकीतल्या टेबलाशी बसून तुझं वाकड्या निबेचं पेन चालवतो आहे.

मी पहिल्यांदा पाहिलं तो दिवस सांगते. तेरावं होऊन गेलं होतं, पाहुणे पांगले होते. तुझी पूर्वा पवईला आपल्या घरी जायला निघाली तेव्हा तिने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, "आत्या, आईचं ते नवीन पेन तू आजच घेऊन जा. तुझ्यासाठीच घेतलेलं ना तिने. बाबांच्या हाती लागलं तर वाट लावतील." म्हणून संध्याकाळी मी समोरच्या विंगमधून तुमच्याकडे आले, डबा द्यायला आणि पेन न्यायला. दार उघडंच होतं. दादा टेबलावर वाकून बसलेला. वाटलं, शब्दकोडं सोडवतोय. जवळ जाऊन बघते तर पाठकोऱ्या कागदावर इंग्रजी आठाचे आकडे, ओळीच्या ओळी, आणि हातात ते.

"हे काय करतोस दादा?"

"काय नाय. असंच."

आणि त्याने डावा हात कागदावर आडवा ठेवला, शाळेत शेजारच्याला उत्तर दिसू नये म्हणून मुलं ठेवतात तसा. मी डबा ओट्यावर ठेवला, आमटी गरम करून घे म्हटलं आणि पेन न घेताच परत आले.

ते पेन माझं व्हायचं होतं, हे तुला सांगायला नको. तरी उगाळते, कारण आपल्या भांडणाचा निकाल तू असेपर्यंत लागला नाही. मला ऑफिसातून रिटायर होऊन दोन वर्षं झाली त्याच आठवड्यात तू ते मागवलंस. काळं, जाडसर, टोकाशी वर वळलेल्या निबेचं. उभं धरलं तर केसाएवढी रेघ, आडवं केलं तर ब्रशासारखा फराटा. चित्र काढणाऱ्यांसाठीच केलेलं. तू खोकं फोडलंस, मी हात पुढे केला, आणि तू पेन पाठीमागे नेलंस.

"कोरं पेन कुणाला देऊ नये गो. आधी मी रुळवते, मग घे."

"माझं पेन माझ्या हाताला मी रुळवेन ना."

"तुझ्या हातात धीर नाय. दोनदा अडखळलं की टाकून देशील."

"आणि स्टील कधी रुळतं का गं वहिनी? ते काय लोणचं आहे मुरायला? निब आहे तशीच राहते. रुळतो तो आपला हात."

"तुका काय कळता त्यातला," तू म्हणालीस. हरायला लागलीस की तू मालवणीत शिरायचीस, आणि तिथे तुझ्याशी वाद घालायची माझी कधी छाती झाली नाही. पेन तुझ्याकडेच राहिलं.

तुझी पेन रुळवायची पद्धत म्हणजे एक व्रतच होतं. आधी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून सगळं सुटं करून धुवायचं. निब, तिच्याखालची काळी जीभ, शाई ओढायची नळी. कारखान्यातलं तेल राहिलं तर शाई मध्येच तुटते, असं तुझं म्हणणं. मग मऊ फडक्यावर वाळवायचं, शाई भरायची, आणि तरीही चित्राच्या वहीला ते लावायचं नाही. दुधाचा हिशेब, इस्त्रीचे कपडे, आठाचे आकडे, तिरप्या रेघा, पुन्हा आठाचे आकडे. मी बाजूला बसून तुला डिवचायचे, की एवढ्यात माझी पाच चित्रं झाली असती. "वाईट पाच," तू मान वर न करता म्हणायचीस. मी म्हणायचे, वाईट चित्रं काढल्याशिवाय पेनाला तरी कळणार कसं की त्याला काय काम आहे? हा वाद आपण इतक्या वेळा घातला की दादा सोफ्यावरून कंटाळून टीव्हीचा आवाज वाढवायचा.

ही शिस्त तुझी अंधेरीच्या ऑफिसातली. तू ट्रेसर होतीस. आर्किटेक्टने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर अर्धपारदर्शक कागद ठेवायचा आणि त्याच्या रेघा शाईने गिरवायच्या. चुकली रेघ तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. नवं पेन आलं की सकाळभर रद्दीवर फिरवल्याशिवाय कुणी ते नकाशाला लावत नसे, असं तू सांगायचीस. पुढे कंप्युटर आले आणि ट्रेसर नावाचं कामच उरलं नाही. दुसरं कुणी असतं तर त्याचं रडगाणं जन्मभर गायलं असतं. तू पहिली चित्रांची वही घेऊन आलीस आणि म्हणालीस, "एवढी वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या, आता माझ्या काढते." त्यात तक्रार अजिबात नव्हती. वही नवी आहे, पहिल्या पानाला बोट लावू नका, एवढीच सूचना होती.

तुझ्या या व्रताचा प्रसाद सगळ्या बिल्डिंगला मिळायचा. तुझं अक्षर नकाशावरचं, एकेक अक्षर स्वतंत्र उभं राहणारं, म्हणून सेक्रेटरी परब सोसायटीच्या नोटिसा तुझ्याकडून लिहून घ्यायचे. एरवी महिन्याला एखादी नोटीस. पण नवं पेन आलं की खालच्या फळ्यावर नोटिसांचा पाऊस. जिन्यात चपला ठेवू नयेत. कबुतरांना दाणे घालू नयेत. लिफ्टचे दार सावकाश लावावे. गच्चीवरची निळी दोरी ज्यांची असेल त्यांनी ती ओळखावी. परबांना दोरीबद्दल काहीही ठाऊक नसायचं, ते फक्त सही करायचे. लोक फळ्यापाशी थांबून वाचायचे आणि म्हणायचे, "वहिनींचं नवीन पेन आलं वाटतं." तळमजल्यावरची शहाबाई तर तुला थेट विचारायची की या खेपेला अजून किती दिवस चपला आत ठेवायच्या.

या पेनाची तुझी शेवटची नोटीस अजून फळ्यावर आहे, वहिनी. "रविवारी पाण्याची टाकी धुतली जाईल, तरी आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे." तो रविवार कधीच होऊन गेला, टाकी धुऊन झाली, पण नोटीस काढायला कुणाचा हात धजत नाही. चौथ्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. ते बिचारे दर शनिवारी बादल्या भरून ठेवतात. परबांना कुणीतरी म्हटलं, काढा ती, लोकांचा घोटाळा होतो. ते म्हणाले, "भरलं तर भरलं पाणी. बिघडलं काय?"

पण मुद्दा दादाचा चालला होता. दादाच्या हातात शाईचं पेन का द्यायचं नाही, याला इतिहास आहे, आणि तो तू नेहमी सांगायचीस त्यापेक्षा मी जास्त चांगला सांगते. गोरेगावच्या कारखान्यात दादा स्टोअर्स सांभाळायचा. जन्मभर त्याने कार्बन घालून तीन प्रतींमध्ये चलनं भरली. तिसऱ्या प्रतीवर अक्षर उमटलं पाहिजे म्हणून पेन दाबायची त्याला इतकी सवय, की आमच्या लग्नपत्रिकांवरची त्याने लिहिलेली नावं पाकिटाच्या मागूनही वाचता यायची. तर तुझं पहिलं वाकड्या निबेचं पेन आलं होतं. ते टेबलावर उघडं ठेवून तू बाजारात गेलीस. दादाने निब बघितली. टोकाशी वाकलेली. त्याला वाटलं, बायकोचं महागाचं पेन खाली पडलं आणि वाकलं, आता आली की हिरमुसेल. त्याने अवजारांच्या पेटीतून नोजप्लायर, म्हणजे ती लांब चोचीची पक्कड, काढला, चष्मा लावला, आणि मोठ्या मायेने, घाम पुसत, ती निब सरळ करून ठेवली.

तू पिशवी घेऊन दारात आलीस तर हा पेन पुढे करून उभा. "केली बघ सरळ. कळणार पण नाय पडलेलं."

मी तिथेच होते. तुझ्याकडे बघायची माझी हिंमत होईना. तू पेन हातात घेतलंस, उजेडात धरलंस, म्हणालीस, "बरं झालं हो," आणि स्वयंपाकघरात गेलीस. मी मागून आले तर तू फ्रिजला टेकून उभी, तोंडावर ओढणी, खांदे गदगदताहेत. मी म्हटलं, वहिनी, रडू नकोस गं, दुसरं मागवू. तू ओढणी काढलीस तर हसून हसून डोळ्यांत पाणी. "त्यांना सांगू नकोस हां," म्हणालीस. "किती सरळ केलीय बघ ना. पट्टीने मोजून केल्यासारखी."

त्याला पुढे पूर्वाने सांगितलंच. त्यानंतर दादाने तुझ्या टेबलाला हात लावला नाही. आपलं बॉलपेन तो दोरीने कॅलेंडरला बांधून ठेवायला लागला, म्हणजे कुणाला शंका नको. आणि त्या सरळ केलेल्या पेनाने तू वर्षानुवर्षं घरातले चेक लिहिलेस. लिहायला फार छान चालतं म्हणायचीस. मला तुझ्या या वागण्याचं तेव्हा कौतुक वाटलं नव्हतं, नुसती गंमत वाटली होती. आता कौतुक वाटतं, आणि ते सांगायला तू नाहीस, हे अवघड आहे.

तुझी आठवण फार येते गं. म्हणजे रडत बसते असं नाही. रविवारी सकाळी जास्त येते. घडीचं स्टूल काखोटीला मारून आपण निघायचो, कधी गोराईच्या जेट्टीवर, कधी मालाडच्या बाजारात, आणि चित्रापेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या. ऑफिस सुटल्यावर मी काय करणार याची सगळ्यांना काळजी होती. लोक मला भजनी मंडळ सुचवत होते. तू काही सुचवलं नाहीस. फक्त एका रविवारी माझ्या दारात दोन स्टुलं घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चल, माझं एक स्टूल धर." मी स्टूल धरायला म्हणून आले ती तिथेच बसले. माझं हे सगळं बोलणं, भांडणं, वाईट पाच चित्रं, हे सगळं तू उघडून दिलेल्या दारातून आलंय. हे मी तुला एकदाही सांगितलं नाही, कारण आपण सतत निबेवर भांडत होतो.

बोरिवलीच्या मासळीबाजारातली ती कोळीण आठवते? तू तिचं चित्र काढत होतीस. ती तासभर गप्प राहिली, मग गिऱ्हाईक नाही बघून उठून आली आणि वहीत डोकावली.

"नाक जरा बारीक कर."

"आहे तसंच काढलंय गो बाय," तू म्हणालीस.

"ते ऱ्हाऊ दे मग. पण हातात नुसता कोयता दिलास. पुढ्यात पापलेट तरी काढ. लोक म्हनतील, ही बाई मारामारीला बसलीय."

तू निमूट पापलेट काढलंस. ती खूश झाली, म्हणाली आता दुकान वाटतं. घरी येताना तू मला म्हणालीस की तिचं बरोबर होतं, चित्र पापलेटामुळेच उभं राहिलं. मला आठवतं, त्या दिवशी तुझ्या हातात दोन वर्षांचं जुनं पेन होतं आणि ते पाण्यासारखं चालत होतं. मी म्हटलं, हे बघ, हे तू चित्रं काढून काढून रुळवलंस, आकडे गिरवून नाही. तू म्हणालीस, "आकडे गिरवले म्हणून चित्रं निघाली." रिक्षा बिल्डिंगपाशी येईपर्यंत हेच चाललं होतं.

आणि मग त्या सकाळी चहा झाल्यावर तू दादाला म्हणालीस, "जरा पडते." एवढंच. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. टेबलावर पेन होतं, टोपण लावलेलं. तू टोपण लावल्याशिवाय कधीच उठायची नाहीस.

ते पेन घेऊन मग दादा बसला. पुढचे बरेच दिवस मी काही ना काही निमित्ताने येऊन बघत होते. पेनाचा आवाज दारापर्यंत यायचा, कर्र कर्र. तीन प्रतींचा हात तो. प्रत्येक आवाजाला मला वाटायचं, वहिनीने दिवसचे दिवस बसून या निबेत जे काही घातलं ते हा खरवडून काढतोय. तुझ्या हाताचा कल, तुझं वजन, तुझं ते न दाबता लिहिणं. आता तू म्हणशील, स्टील रुळत नाही म्हणणारी तूच ना? मीच. पण तू गेल्यावर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्या पेनात तू थोडीशी आहेस असं मला खरंच वाटायला लागलं होतं. ते मला हवं होतं. रुळलेलं नको, अर्धवटच हवं होतं, तू सोडलंस तसं. त्या पेनाने एकही चित्र न काढता ते कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचं, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

एक दिवस मनाचा हिय्या करून आले. म्हणायचं, दादा, ते माझं आहे, दे. आत पाऊल टाकते तो टेबलावर नोजप्लायर.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, दादा घाईघाईने म्हणाला, "शाईच्या बाटलीचं झाकण चिकटलेलं. निबेला हात नाय लावला. मला काय वेड लागलंय का?"

मी खुर्चीवर बसले. तो म्हणाला, "माधू, शाई पूर्ण भरायची की अर्धी? सुनंदा कसं करायची? मी बघितलं नाय कधी नीट."

मी त्याला दाखवलं. निब शाईत पूर्ण बुडवायची, नळी सावकाश फिरवायची, वर काढल्यावर दोन थेंब परत बाटलीत सोडायचे, मग फडक्याने टिपायचं. तो इतकं लक्ष देऊन बघत होता की पेन मागायचं माझ्या तोंडून निघेना. त्याचं टेबल मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. रद्दीचे कागद एका बाजूला चळत लावून ठेवलेले. वरच्या कागदावर दुधाचा हिशेब, इस्त्रीचे कपडे, आठाचे आकडे. तुझ्याच क्रमाने. तो बघत नव्हता म्हणतो, पण सोफ्यावरून त्याला सगळं दिसत होतं.

मग परब आले. म्हणाले, लिफ्टच्या कामाची नोटीस लावायची आहे, आता कंप्युटरवरच काढतो. दादा म्हणाला, "मी लिहितो." परबांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. दादाने लिहिलं. एक रेघ केसाएवढी, पुढची फराटा, "लिफ्ट" हा शब्द वाकलेला आणि "बंद" एवढा ठसठशीत की लिफ्ट परत कधी चालू होईल अशी कुणाला आशाच वाटू नये. खाली जाऊन त्याने ती तुझ्या टाकीच्या नोटिशीशेजारी लावली, तुझ्या कागदाला धक्का न लावता. लोक थांबून वाचत होते. शहाबाई बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "भाईका नया पेन?" मी हो म्हटलं. ती घरी गेली आणि दारातल्या चपला आत घेतल्या.

आणि परवाची गोष्ट. मी जिना चढून आले तर तुमच्या दारातून आवाज नाही. मला वाटलं, झोपला असेल. डोकावले तर दादा जागाच होता, टेबलाशीच, आणि हात चालत होता. कर्र नाही, काही नाही. पंख्याचा आवाज तेवढा. दादाचा हात हलका झालाय, वहिनी. कारखान्यातल्या साहेबांना जमलं नाही, तुला जमलं नाही, ते या पेनाने केलं. म्हणजे आपल्या वादाचा निकाल लागला म्हणायचा. निब तशीच राहते आणि हात रुळतो, हे मी पहिल्यापासून सांगत होते. मी जिंकले. असं जिंकणं कोरडं असतं गं, समोर चिडणारं माणूस लागतं.

दादाने मला बघितलं आणि या वेळी कागद झाकला नाही. उलट माझ्याकडे सरकवला.

"हे काय वाटतं?"

मी चष्मा लावला. आडव्या जाड रेघा, त्यावर गोलसर काहीतरी, त्यावर आणखी एक छोटं गोल.

"मटका?"

"मटका खुर्चीवर कोण ठेवतं?"

मग मला खुर्ची दिसली. खुर्चीच्या पाठीवरून वर आलेले खांदे दिसले. वरचं छोटं गोल म्हणजे अंबाडा.

"सुनंदा आहे," तो म्हणाला.

"तोंड कुठाय?"

"तोंड खिडकीकडे. मी सोफ्यावर असायचो ना. मला ती अशीच दिसायची."

 मी कायम तुझ्या शेजारी बसले, वहिनी. तुझी भुवई कुठल्या रेघेला वर जाते, ओठ कधी मुडपतेस, हे मला तोंडपाठ आहे. पण पाठीमागून तू कशी दिसतेस हे मी कधी पाहिलंच नव्हतं. चित्रात अंबाडा डावीकडे कललेला आहे. आधी वाटलं, दादाचं चुकलं. मग तुझी खुर्ची, तुझी वही, तुझा हात मनात मांडून बघितला. नाही चुकलं. तू काम करताना मान थोडी डावीकडे टाकतेस, म्हणजे टाकायचीस. ते फक्त त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं टीव्हीचा आवाज वाढवून हा माणूस टीव्ही बघत नव्हता.

तेवढ्यात त्याने पेन पुसलं, टोपण मागच्या बाजूला नीट बसवलं आणि माझ्यापुढे धरलं.

"चालवून बघ. तुला कोरं द्यायचं नाय, असं तिने सांगून ठेवलेलं. तिचं अर्धं राहिलेलं, म्हणून म्हटलं करून टाकू. आलं का बघ."

म्हणजे एवढे दिवस तो माझंच पेन रुळवत होता. आणि मी त्याच्या हातातून ते काढून घ्यायला येत होते.

मी रद्दीचा एक कागद घेतला. इंग्रजी आठ काढला, मग तिरप्या रेघा, मग उभं धरून एक बारीक, आडवं धरून एक फराटा. वहिनी, काय सांगू तुला, पेन लोण्यासारखं चाललं. एक खरखर नाही, कुठे शाई तुटली नाही. तुझी सगळी पेनं मी चालवली आहेत, त्यातलं एकही असं नव्हतं. दादा माझ्या हाताकडे बघत होता. टेबलावर त्याने नवीन कागद आधीच काढून ठेवले होते. पेन मी घेऊन गेले असते तर त्या कागदांसमोर त्याने संध्याकाळी काय केलं असतं, ते मला दिसलं.

मी पेन त्याला परत दिलं.

"अजून अडखळतंय रे," मी म्हटलं. "बरेच दिवस लागतील."

"मला वाटलंच," दादा म्हणाला, आणि त्याने नवा कागद पुढे ओढला.